कुलूपकाका आणि खालची ओळ

"पिळून कोरडी केलीय मी ती," असं म्हणत कुलूपकाकांनी हवेतल्या हवेत एक फडकं पिळून दाखवलं. "त्या लायब्ररीतून आता वेगाचा एक थेंबसुद्धा निघणार नाही. कुणीही या, हात लावा, काढून दाखवा."

हवेतलं फडकं झटकताना त्यांचा हात चहाच्या कपाला लागला. टेबलावर चहा पसरला आणि मॅनेजरबाईंनी आपला लॅपटॉप वेळेवर उचलला. खोलीतल्या कुणाला हसायचं धाडस झालं नाही. फक्त खिडकीजवळ बसलेला त्यांचा मेहुणा बिस्किटाचा तुकडा गिळून म्हणाला, "भाऊजी, एक विचारू? ती दर वेळी अख्खी यादी पहिल्यापासून का वाचते?"

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. कंपनी जी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची, तिच्या पोटात कोडचा हा गठ्ठा बसलेला असायचा आणि त्याचं काम एकच, विचारणाऱ्याला हो किंवा नाही म्हणणं. एखाद्या प्रोग्रामला फाइल उघडायची आहे, विचार लायब्ररीला. एखाद्याने दाराला कार्ड लावलं, विचार लायब्ररीला. ती परवानगीची यादी काढायची, वरून खाली वाचायची आणि मग तोंड उघडायची. काकांनी तरुणपणी ती एकट्याने लिहिली होती. म्हणूनच ऑफिसात त्यांना समोर 'सर' आणि पाठीमागे 'कुलूपकाका' म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यातलं 'काका' तेवढं खटकायचं.

"दर वेळी वाचते, कारण दर वेळी वाचायलाच हवी," काका म्हणाले. "कोडच्या डोक्यावर लिहिलंय मी. विश्वास ठेवू नका, विचारा."

"ते बरोबरच आहे. पण यादी बदललीच नसेल तर?"

"तर पुन्हा तीच वाचायची. पाठ होते."

मेहुणा "बरं" म्हणाला आणि त्याने दुसरं बिस्कीट घेतलं. जेवणाच्या सुट्टीच्या आत त्याने लायब्ररी दहापट पळवून दाखवली.

युक्ती इतकी सोपी होती की काकांनी ती अवघड निघेल म्हणून तीनदा वाचली. लायब्ररीने एकदा दिलेलं उत्तर लक्षात ठेवायचं. यादीला एक नंबर द्यायचा, यादीत काडीचा बदल झाला की तो वाढवायचा. कुणी विचारायला आलं की आधी नंबरावर नजर टाकायची. तोच असेल तर जुनं उत्तर, बदलला असेल तर यादी नव्याने वाचायची. बस.

"वा!" मॅनेजरबाई म्हणाल्या. एका मोठ्या गिऱ्हाइकाने मशीन रांगतं म्हणून तक्रार केली होती आणि वेळ कुठे जातो ते शोधल्यावर सगळी बोटं लायब्ररीकडे वळली होती. "सर, तुमचा मेहुणा म्हणजे हिरा निघाला हो."

"हो," काका म्हणाले. "आमच्याकडेच राहतो."

हे खरं दुखणं होतं. याच कंपनीत नोकरी लागली म्हणून जागा मिळेपर्यंत ताईकडे, असं म्हणत मेहुणा एक बॅग घेऊन आला होता आणि आता बॅगा मोजायचंही काकांनी सोडलं होतं. त्या घरात काकांना प्रत्येक गोष्टीला तपासणी होती. फ्रिज उघडला की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "अहो, काय हवंय?" घरात शिरलं की, "अहो, चपला कुठे काढल्या?" बाहेर निघालं की, "कुठे? किती वेळ?" मेहुण्याला मात्र सगळी दारं सताड उघडी. तो फ्रिजमध्ये मान घालून उभाच्या उभा खायचा, बहीण मागून यायची आणि काका वाटच बघत असायचे की आता पडेल ओरडा. ती म्हणायची, "अरे, गरम तरी करून देते."

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "ऐकलं मी. तुमचं ते अडकलेलं काम याने सोडवलं म्हणे."

"अडकलेलं नव्हतं."

"ताई, भाऊजींचा पाया भक्कम होता म्हणून जमलं गं," मेहुणा तोंडात घास ठेवून म्हणाला.

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे कळल्यावरही पीत राहिले. पाया! जमिनीत पुरतात त्याला पाया म्हणतात. वरच्या मजल्यावर राहणारा दुसराच असतो.

आणि प्रश्न नुसत्या कौतुकाचा नव्हता. सुरक्षा गटाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होती. काका तिच्याकडे कित्येक वर्षं असे बघत होते, जसं बसमध्ये उभा माणूस उतरायच्या तयारीतल्या प्रवाशाच्या सीटकडे बघतो. आता मॅनेजरबाईंनी जाहीर केलं होतं की गिऱ्हाइकाकडे ज्याची लायब्ररी जाईल, गट त्याच्या हाती. म्हणजे काका सकाळी मेहुण्याला घरी बाथरूमच्या रांगेत विचारणार, "झालं का रे?" आणि दुपारी ऑफिसात रजा मागताना विचारणार, "जाऊ का सर?"

काका कामाला लागले. मेहुण्याच्या कोडची ओळन् ओळ त्यांनी वाचली. चूक सापडावी म्हणून वाचली, आणि चूक सापडेना तसतसे ते जास्तच बारकाईने वाचत गेले. शेवटी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. यादीच्या नंबरावर नजर टाकायची ती ओळ. प्रत्येक वेळी नजर टाकायची म्हणजे प्रत्येक वेळी तेवढा वेळ गेला. यादी काय रोज बदलते? माणसं काय रोज नोकरी सोडतात? बदललीच तर मशीन एकदा बंद करून चालू करायचं, तेवढं माहितीपुस्तकात लिहून टाकू.

मेहुण्याची युक्ती त्यांनी आपल्या लायब्ररीत उतरवली आणि ती ओळ तेवढी काढली. लायब्ररी अशी पळाली की वेग मोजणारा प्रोग्राम आधी आपल्यातच बिघाड आहे असं समजून थांबला.

कोडच्या डोक्यावर 'विश्वास ठेवू नका, विचारा' हे अजून होतं. काकांनी तेवढा भाग स्क्रीनच्या वर सरकवला, दिसेनासा होईपर्यंत.

मेहुण्याने ते दुसऱ्याच दिवशी पकडलं. काकांच्या खुर्चीमागे उभा राहून, हातातलं सफरचंद खात तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्यात नंबर बघायची ओळ दिसली नाही."

"दिसणार कशी? काढलीय."

"मग यादी बदलली हे तिला कळणार कसं?"

काकांनी खुर्ची हळूच वळवली. हा क्षण त्यांना चवीने खायचा होता. "काय रे, जळतोस होय?"

"थोडा जळतो," मेहुणा हसून म्हणाला. "पण ती ओळ घाला हो."

'थोडा जळतो' हे शब्द काकांनी दिवसभर खिशात बाळगले आणि अधूनमधून काढून पाहिले. मेहुण्याने मॅनेजरबाईंनाही सांगून बघितलं. पण काकांनी आधीच जाऊन "घरातली कुरबूर आहे, मनावर घेऊ नका" असं सांगून ठेवलं होतं. बाई मेहुण्याला म्हणाल्या, "तू समोरच्या बाजूचा ना, तुला खोट दिसणारच." आणि विषय संपला.

त्या ऑफिसची एक रीत होती. कुठलीही नवी गोष्ट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी स्वतःच्या इमारतीवर चालवायची. आधी आपण चाखायचं, मग वाढायचं. त्यामुळे गिऱ्हाइकाची माणसं यायच्या दिवशी सकाळीच काकांची लायब्ररी इमारतीच्या दारांवर बसली. दारं सांभाळणारं मशीन सर्व्हर रूममध्ये होतं. त्या खोलीला काचेचं दार, आत जायलाही कार्ड आणि बाहेर यायलाही कार्ड. मेहुणा सकाळी एक सैल झालेली केबल बसवायला आत जाऊन आला. कार्ड लावताक्षणी हिरवा दिवा.

"भन्नाट आहे भाऊजी," तो म्हणाला. "कार्ड खिशातून काढायच्या आधीच उघडतंय की काय असं वाटलं."

काकांना हे कौतुक आवडलं याचा त्यांना राग आला.

अकराच्या सुमाराला गिऱ्हाइकाकडून एक चष्मेवाले गृहस्थ आणि एक कमी बोलणाऱ्या बाई आल्या. काकांनी ठणकावून सांगितलं, "नकली मशीनवर दाखवणार नाही. आमची खरी दारं, खरी माणसं. जे आहे ते रोखठोक." मोठ्या पडद्यावर त्यांनी लायब्ररीला विचारलं, मॅनेजरबाई सर्व्हर रूममध्ये जाऊ शकतात का? हो. प्रश्न टाइप होऊन बोट उठायच्या आत हो.

"हो म्हणायला काय," कमी बोलणाऱ्या बाई म्हणाल्या. "नाही म्हणून दाखवा."

"आत्ता दाखवतो," काका म्हणाले. त्यांनी परवानगीची यादी उघडली. सुरक्षा गटाच्या माणसांना सगळी दारं मोकळी असायची आणि त्या गटात पहिली ओळ काकांची होती. लग्नात स्वतःच्याच गळ्यात हार घालून घ्यावा अशा थाटात त्यांनी आपलं नाव काढलं आणि विचारलं, मी सर्व्हर रूममध्ये जाऊ शकतो का?

नाही.

विजेसारखं 'नाही'. चष्मेवाल्यांनी चक्क टाळी वाजवली. मॅनेजरबाईंनीही वाजवली. मेहुण्यानेही वाजवली, आणि तीही सगळ्यांत जोरात, कारण हे माणूस असंच होतं.

"चला, चहा घेऊ, मग खोली दाखवते," मॅनेजरबाई म्हणाल्या आणि सगळे उठले. काका आपलं नाव परत घालायला मागे थांबले. त्यांनी ते पहिल्या ओळीत घातलं. खाली मेहुण्याची ओळ होती.

आता इथे त्यांचा हात घसरला असं कुणालाही सांगता आलं असतं. पण हात घसरला नव्हता. काकांनी ती ओळ निवडली, पुसली आणि यादी बंद केली. फार मोठं काही त्यांच्या मनात नव्हतं. मेहुण्याने एकदा, फक्त एकदा, कुठल्यातरी दारासमोर लाल दिवा बघत उभं राहावं. कार्ड घासावं, पुसावं, पुन्हा लावावं. आणि मग काकांकडे येऊन म्हणावं, भाऊजी, मला आत सोडता का? काका जरा वेळ लावणार होते. मग सोडणार होते. संध्याकाळपर्यंत ओळ परत घालून टाकणार होते.

चहा झाला. पाहुणे सर्व्हर रूमच्या काचेच्या दारापाशी जमले. काकांनी घसा साफ केला, "बघा हं," म्हणाले आणि कार्ड लावलं.

लाल.

"कार्ड उलटं लागलं असेल," मॅनेजरबाई म्हणाल्या.

काकांनी सुलटं लावलं. लाल. शर्टाच्या बाहीला पुसून लावलं. लाल. तोंडाची वाफ देऊन, पुसून, हळुवारपणे, तान्ह्या बाळाच्या कपाळावर हात ठेवावा तसं लावलं. लाल. मनातल्या मनात मेहुण्यासाठी ठरवून ठेवलेल्या सगळ्या पायऱ्या त्यांच्या स्वतःच्या हातून झाल्या. एकच उरली होती.

तेवढ्यात मेहुणा बशीतलं शेवटचं बिस्कीट खात मागून आला. "काय झालं? थांबा, मी बघतो," म्हणून त्याने कार्ड लावलं.

हिरवा.

काका त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. यादीत ज्याचं नाव आहे त्याला नाही, आणि ज्याचं नाही त्याला हो. तासाभरापूर्वीचा त्यांचा नकार लायब्ररीने मनात धरून ठेवला होता, आणि मेहुण्याचा सकाळचा होकारही तसाच जपून ठेवला होता. अगदी घरच्यासारखं.

"मघाचं 'नाही' अडकलंय," मेहुणा दार पायाने धरून म्हणाला. "आत जाऊन मशीन बंद-चालू करतो, विसरेल ती."

"म्हणजे दोष आहे तर," कमी बोलणाऱ्या बाई म्हणाल्या.

"किरकोळ," मॅनेजरबाई घाईघाईने म्हणाल्या. "उगाच एखाद्याला जरा वेळ बाहेर ठेवेल, एवढंच. नको त्याला आत सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. तसं तर नाही ना होत, सर?"

सगळे काकांकडे बघू लागले. नको त्याला आत सोडल्याचा पुरावा काचेपलीकडे वाकून मशीनचं बटण दाबत होता. काढून टाकलेला माणूस खुशाल आत शिरतो, याहून मोठी खोट असल्या लायब्ररीत असूच शकत नाही, हे त्या खोलीबाहेर काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि हे आपल्याला कसं माहीत, ते सांगायची सोय नव्हती. काकांनी तोंड उघडलं.

"तसं..." ते म्हणाले, आणि खोकला काढला.

आत मशीनचे दिवे विझले आणि पुन्हा लागले. मॅनेजरबाईंनी काकांचा हात धरून कार्ड दाराला लावायला लावलं. हिरवा. "झालं!" त्या म्हणाल्या. "संध्याकाळी पाठवू या ना मग?"

आतून मेहुण्याने बाहेर यायला कार्ड लावलं.

लाल.

त्याने कार्डाकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. मग त्याचं चघळणं थांबलं. मघाशी हिरवा, सगळं विसरल्यावर लाल. इतक्या दिवसांत काकांनी त्याला चघळणं थांबवताना पहिल्यांदाच पाहिलं. काचेतून त्याने काकांकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि रागानेही नाही. चष्मा विसरून गेलेल्या माणसाला बघतात तसं.

काकांनी बाहेरून कार्ड लावलं. दार उघडलं.

"बाई," मेहुणा बाहेर येत म्हणाला, "ही पाठवू नका. हिचं 'हो'सुद्धा अडकतं. यादीतून काढलेल्या माणसाला ती आत सोडते."

"तुला कसं कळलं?"

"मीच माझं नाव काढून बघितलं होतं. भाऊजींना न विचारता. चुकलंच माझं."

मॅनेजरबाई त्याला पाहुण्यांदेखत रागावल्या. न सांगता यादीला हात लावतात का, काही रीतभात आहे की नाही. तो मान खाली घालून "सॉरी" म्हणाला. काका बाजूला उभे राहून ते ऐकत होते. बोलणी बसणाऱ्या मेहुण्याचं दृश्य त्यांनी किती वेळा रंगवलं होतं. आता ते समोर होतं आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"पण बरं झालं काढलंस," कमी बोलणाऱ्या बाई शेवटी म्हणाल्या. मग त्या मॅनेजरबाईंकडे वळल्या. "याचीही एक लायब्ररी आहे म्हणालात ना? तीच पाठवा."

खुर्ची कुणाकडे गेली ते वेगळं सांगायला नको.

पाहुणे गेल्यावर काका जागेवर जाऊन बसले. मेहुणा आला आणि टेबलाच्या कडेला टेकला.

"भाऊजी, ताईला काही सांगू नका हं. मला बोलणी बसली म्हणून उगाच वाईट वाटेल तिला."

"नाही सांगत."

"आणि वरचं ते वाक्य माझ्यातही ठेवलंय. विश्वास ठेवू नका, विचारा. नाव तुमचंच आहे खाली."

काकांनी मान हलवली. घरात हा थोर, ऑफिसात हा थोर, आणि आता मनाचा मोठेपणाही यानेच पटकावला. माणसाने जळायचं तरी कुठे कुठे? "माझं डोकं दुखतंय," ते म्हणाले. "मी निघतो घरी."

"जा की. मी संध्याकाळी माझी बसवून येतो. ताईला सांगा, जेवायला थांबू नका."

तो गेल्यावर काकांनी यादी उघडली. मेहुण्याची ओळ परत घालायची होती आणि कुणी यायच्या आत घालायची होती. त्यांनी कुठूनतरी त्याचं नाव उचललं, यादीत चिकटवलं, एकदा मागे वळून पाहिलं आणि यादी बंद केली. घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून झोपले. बायकोने विचारलं, "अहो, काय झालं?" आणि नेहमीप्रमाणे पुढे आणखी चार प्रश्न विचारले. काकांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या मुख्य दाराशी काकांनी कार्ड लावलं आणि लाल दिवा लागला. या वेळी लायब्ररीची काही चूक नव्हती. तिने यादी नीट वाचली होती. काकांनी आदल्या दिवशी घाईत मेहुण्याचं नाव आपल्याच ओळीवर चिकटवलं होतं.

पहारेकरी नवा होता. त्याने पाहुण्यांना चिकटवायच्या कागदी बिल्ल्यांची चळत पुढे ओढली आणि विचारलं, "कोणाकडे आलात?"

काकांनी मेहुण्याचं नाव सांगितलं.